इंजिनाचं पातेलं

मिस्त्रींच्या घरात एकाच मापाची दोन पातेली होती. एक चहाचं आणि एक इंजिनाचं. अदलाबदल होऊ नये म्हणून इंजिनाच्या पातेल्याच्या कानाला तांबडी चिंधी बांधलेली असे. तरी एकदा व्हायची ती चूक झालीच. पाहुणे बसलेले, गप्पा रंगलेल्या, आणि मिस्त्रीणबाईंनी घाईघाईत नेमक्या त्याच पातेल्यात चहा टाकला. सासूबाईंनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, "चहा फर्मास झालाय गं. आता कुणीतरी किल्ली फिरवा, चालू होते का बघू मी."

पाहुण्यांना ठसका लागला. त्या दिवसापासून घरात चहा जरा जरी बिघडला, तरी कुणीतरी म्हणायचंच, "किल्ली फिरवा."

स्वयंपाकघराचं मागचं दार थेट गॅरेजात उघडायचं. दाराशेजारीच ओटा, ओट्यावर शेगडी, आणि त्या शेगडीवर इंजिनाच्या पातेल्यात थर्मोस्टॅट उकळायचे. थर्मोस्टॅट म्हणजे काही मोठं यंत्र नव्हे. मुठीत मावेल एवढी पितळी चकती, तिला एक स्प्रिंग, आणि मधोमध मेण भरलेली बोराएवढी डबी. इंजिन गार असतं तोवर हे दार बंद. त्यामुळे पाणी इंजिनातल्या इंजिनात फिरतं आणि लवकर तापतं. पुरेसं तापलं की डबीतलं मेण वितळून फुगतं, दार ढकलतं, आणि पाणी पुढच्या जाळीत, म्हणजे रेडिएटरमध्ये, निवायला जातं. निवलं की दार परत बंद. कुणी सांगायला नको, कुणी बटण दाबायला नको.

"अगदी आईंसारखं," मिस्त्रीणबाई एकदा म्हणाल्या होत्या. "कुणाला कधी घराबाहेर सोडायचं आणि कधी दार लावून घ्यायचं, बरोब्बर ठाऊक."

"आणि माझ्याही पोटात मेणच आहे," सासूबाई म्हणाल्या. "तूप म्हणत असतील डॉक्टर."

मिस्त्रीणबाई कुठल्या शाळेत हे शिकल्या नव्हत्या. वाफेत उभं राहून शिकल्या. थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून पाण्यात सोडायचा, बुडाला टेकू द्यायचा नाही, शेजारी तापमापक धरायचा. चकतीवर ८२ कोरलेलं असेल तर पारा ब्याऐंशीला आल्यावर दार आधी तिळाएवढं उघडायला हवं, मग गव्हाएवढं. पाणी खळखळा उकळलं तरी जे मख्खासारखं मिटून बसतं, ते बाद. बाद झालेल्याला त्या कागदाची चिठ्ठी बांधत. गाडी कुणाची, तारीख काय, आणि पुढे दोनच शब्द: उघडत नाही. मग तो फळीवरच्या पत्र्याच्या डब्यात जायचा.

हे सगळं करायच्या त्या, पण गिऱ्हाइकासमोर तोंड उघडायचं नाही, असा दोघांत ठराव होता. त्याला कारण घडलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी त्या एका गिऱ्हाइकाला सरळ सांगायला गेल्या, "तुमचा थर्मोस्टॅट अडकलाय." तो माणूस हसला. "काय मिस्त्री, गाडी तुम्ही दुरुस्त करता की फोडणीला घालता?" आणि गाडी घेऊन दुसऱ्या गॅरेजात गेला. मिस्त्री रागावले नाहीत. नुसते दोन दिवस गप्प होते, आणि ते रागावण्याहून वाईट. मग तोड निघाली. पातेल्याच्या काठावर चमच्याची एक टिचकी म्हणजे बरा आहे, दोन म्हणजे बाद. आत टिचक्या वाजायच्या, बाहेर मिस्त्री भुवया आक्रसून, इंजिनाला कान लावून निदान सांगायचे. बावीस वर्षं हे बिनबोभाट चाललं. गावभर मिस्त्रींच्या कानाची ख्याती झाली.

"माझ्या थोरल्याचा कान देवानं दिलेला आहे," सासूबाई मुद्दाम सुनेकडे बघत सांगायच्या. त्यांना टिचक्या ठाऊक होत्या. पण त्यांचं पुढचं वाक्य मात्र थट्टेचं नसे. "आणि एक सांगते, माझा थोरला काम अर्धवट सोडत नाही. जेवण अर्धं सोडेल, काम नाही."

धाकटा मुलगा वरच्या गावात राहायचा, घाट चढून दोन तासांवर. कारकुनी नोकरी, पांढरी नखं. घरात त्याला सगळे बारक्या म्हणत, तो चाळिशीचा झाला तरी. दोन वर्षांमागच्या उन्हाळ्यात त्याची गाडी खाली येताना उकळली. मिस्त्रींनी थर्मोस्टॅट काढला, आत दिला. पाणी उकळून निम्मं झालं तरी तो उघडेना. आतून दोन टिचक्या आल्या.

"याचा नवा इथं मिळत नाही, मागवावा लागेल," मिस्त्री म्हणाले. "तोवर बिनाथर्मोस्टॅटचीच चालव. उन्हाळ्यात काही बिघडत नाही. उलट गार राहील."

सगळीच गॅरेजं हे करायची. अडकला की काढून टाका, नसती कटकट. मिस्त्रींना ते पटत नसे. दार नसलं की पाणी सदा जाळीतून फिरत राहतं, इंजिन धड तापतच नाही. म्हणून तर त्यांनी नवा मागवला. तो महिन्याभराने आला, फळीवर ठेवला गेला. धाकटा पुढच्या खेपेला आला तो घाईत होता. त्याच्या पुढच्या खेपेला मिस्त्री दुसऱ्याच्या गाडीखाली होते. पहिला हिवाळा गेला, काही झालं नाही. धाकटा तेव्हा गाडी गावातल्या गावातच फिरवायचा. खोका फळीवर धूळ खात बसला, आणि रोज दिसणारी वस्तू दिसेनाशी होते तसा दिसेनासा झाला.

गेल्या हिवाळ्यात धाकट्याची बायको बाळंत झाली. नातीचं करायला सासूबाई वर गेल्या. "महिन्याभरात येते," म्हणाल्या. "तोवर पातेली सांभाळ." वरच्या गारठ्यात त्यांची छाती भरली. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, खालच्या मोठ्या दवाखान्यात हलवा. रुग्णवाहिका दुसऱ्याला घेऊन गेलेली. धाकट्याने आईला मागच्या सीटवर निजवलं आणि सकाळी उजाडताच निघाला. एकटाच; बायको ओली बाळंतीण.

सातच्या सुमाराला मिस्त्रींचा फोन वाजला. मिस्त्रीणबाई शेजारीच उभ्या होत्या, म्हणून सगळं ऐकू आलं.

"दादा, हीटर गार हवा टाकतोय. बाहेर गवतावर बर्फ धरलंय. काय करू?"

मिस्त्रींची नजर फळीवरच्या खोक्याकडे गेली. मिस्त्रीणबाईंचीही गेली. मग दोघांची नजर एकमेकांना भिडली.

तेवढ्यात फोनमधून मागून सासूबाईंचा आवाज आला, बारीक, धापेतून. "थोरल्याला विचार. त्याला माहीत असेल."

"नॉब पूर्ण उजवीकडे फिरव," मिस्त्री म्हणाले. "जरा वेळ जाऊ दे. होईल गरम."

तो गरम होणार नव्हता. घाट उतरताना इंजिनावर जोर नसतो. त्यात दार नसलेलं, समोरून बर्फाचं वारं. त्याला एकच इलाज होता आणि तो पोरासोरांनाही जमण्यासारखा: जाळीपुढे एक पुठ्ठा लावायचा. वारं अडतं, पाणी तापतं, हीटर चालतो. दूधवाल्याच्या टेंपोला दर हिवाळ्यात मिस्त्रीणबाई स्वतः पुठ्ठा कापून देत. त्यांच्या जिभेवर शब्द आला होता. पण फोनवर इंजिनाचं बोलणं चाललं होतं, आणि इंजिनाचं बोलणं चाललं की ओठ मिटायचे, ही बावीस वर्षांची सवय. त्या ओट्याकडे वळल्या. चमचा हातात घेतला. कुठे वाजवणार होत्या, कोण जाणे.

सासूबाई पोचल्या तेव्हा शुद्धीत होत्या. तिसऱ्या दिवशी गेल्या. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं आधीच थकलेली. प्रवासातल्या गारठ्याचं निमित्त झालं असेल, नसेलही. त्या "नसेलही"ला धरून मिस्त्री चार महिने जगले. नवराबायकोंत त्या फोनचा विषय एकदाही निघाला नाही.

आणि आता भर उन्हाळ्यात, दुपारी, धाकटा गाडी घेऊन दारात उभा होता. दाढी वाढलेली, शर्ट ढगळ झालेला.

"विकतोय," तो म्हणाला. "चार महिन्यांत आज पहिल्यांदा हातात घेतली. गिऱ्हाईक वरचंच आहे, हीटर चालवून दाखवा म्हणतंय. बघतोस का, दादा?"

"बघतो की. तासाचं काम. बस तू आत, वहिनी पाणी देईल."

मिस्त्रींनी फळीवरून खोका उचलला. त्यावरची धूळ बाहीने पुसली. मिस्त्रीणबाई बघत राहिल्या. त्यांना वाटलं, आता बोलतील. खोका हातात आहे, भाऊ समोर आहे, आता नाही तर कधी? मिस्त्री खोका घेऊन बॉनेटखाली वाकले.

धाकटा दाराच्या उंबऱ्यावर बसला. पाण्याचा तांब्या हातात तसाच.

"खुर्चीवर बसा की, भावजी."

"नको. खुर्ची नको." थोड्या वेळाने तो म्हणाला, "वहिनी, दुलई मी स्वतः घडी करून दाराजवळच्या खुर्चीवर ठेवली होती. आईला उचलून नेलं, परत आलो, पिशवी घेतली, दार लावलं. दुलई तिथेच. घाटात निम्म्यात आल्यावर आठवलं."

"होतं असं घाईत."

"ती म्हणाली, बारक्या, खिडकी उघडी राहिलीय का रे? बंद होती, वहिनी. चारही बंद होत्या. मी स्वेटर काढून घातला तिच्यावर. हीटर नुसताच घोंगावत होता, गार हवा. मी बंद करायला गेलो तर म्हणाली, राहू दे, आवाज तरी उबदार आहे."

मिस्त्रीणबाईंना एकदम हसू आलं आणि त्याच्या मागोमाग दुसरं काही. त्यांनी पदर तोंडाला लावला.

"ती दुलई अजून खुर्चीवरच आहे," धाकटा म्हणाला. "बायको उचलायला जाते, मी उचलू देत नाही. परवा तिनं विचारलं, किती दिवस शिक्षा देणार स्वतःला? मी म्हटलं, हिशेब सोपा आहे. दुलई असती तर आई असती."

बाहेर इंजिन सुरू झालं. दहा मिनिटांनी मिस्त्रींनी हाक मारली. धाकटा जाऊन गाडीत बसला. हीटरच्या फटीतून ऊन ऊन हवा येत होती. बाहेर अंगाची लाही होत होती, आणि तो त्या हवेपुढे दोन्ही हात धरून बसला, शेकोटीपुढे बसावं तसा.

"काय झालं होतं रे, दादा?"

"काही नाही. पाइपात हवा अडकली होती."

"एवढंच?"

"एवढंच."

"म्हणजे ती काढता आली असती? तिथंच, रस्त्यात?"

मिस्त्री चिंध्यांनी हात पुसत होते. पुसून झालेले हात पुन्हा पुसत होते. "येते काढता. पण तुला कुठून ठाऊक असणार?"

"शिकायला हवं होतं," धाकटा हळूच म्हणाला. "तू किती वेळा म्हणालास, बारक्या, निदान बॉनेट उघडायला तरी शीक. मी हसायचो."

दारात उभ्या मिस्त्रीणबाईंनी हे ऐकलं. एक दुलई त्याच्या डोक्यावर होतीच. आता भरीला ही हवा. खोटं बोलून दुसऱ्याचं ओझं हलकं होईल, असं मिस्त्रींना वाटलं असेल, झालं उलटंच. त्या आत गेल्या. तांबड्या चिंधीचं पातेलं शेगडीवर चढवलं. पत्र्याचा डबा उतरवून चिठ्ठ्या चाळल्या. आपलंच अक्षर: *धाकटे भावजी. उघडत नाही.* त्यांनी तो थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधला, आणि शेजारी दुसऱ्या गाडीसाठी आणलेला एक नवा.

"भावजी," त्यांनी हाक दिली. "जरा आत या. हे दाखवायचंय."

"अगं," मिस्त्री म्हणाले. एवढंच. पण तेही मागोमाग येऊन दारात उभे राहिले.

पाणी तापत गेलं. पारा ब्याऐंशीला आला तसं नव्या चकतीचं दार तिळाएवढं उघडलं, मग गव्हाएवढं. जुनं तसंच.

"हे उघडलं ते नवं," मिस्त्रीणबाई म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. "असंच एक यांनी आत्ता तुमच्या गाडीत बसवलं. आणि हे मिटलेलं आहे ते तुमच्या गाडीतलं जुनं. दोन वर्षांपूर्वी काढलं होतं, चिठ्ठीवर तारीख आहे बघा. तेव्हापासून तुमच्या गाडीत हे दारच नव्हतं. दार नसलं की थंडीत पाणी तापत नाही, आणि पाणी तापलं नाही की हीटर गार. हवाबिवा काही अडकली नव्हती. नवं महिन्याभरात आलं होतं. फळीवर राहिलं."

पाणी उकळायला लागलं. जुना थर्मोस्टॅट बुडबुड्यांत गरगरत होता, मिटलेलाच. मिस्त्रीणबाईंनी चमचा उचलला. मिस्त्री पुढे आले. त्यांनी तो चमचा बायकोच्या हातातून घेतला आणि पातेल्याच्या काठावर स्वतः वाजवला. एक. दोन.

"फोन केलास तेव्हा आठवलं मला," ते म्हणाले.

"मलाही," मिस्त्रीणबाई म्हणाल्या. "पुठ्ठा लावा म्हणायचं होतं. जाळीपुढे पुठ्ठा लावला असता तर चाललं असतं. मला माहीत होतं. मी बोलले नाही."

धाकटा एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होता. "पुठ्ठा," तो म्हणाला. "बाळाच्या दुपट्यांचं खोकं होतं डिकीत." मग भावाकडे वळून, "किती वेळ लागला असता?"

"दहा मिनिटं. फार तर पंधरा."

"मग का नाही सांगितलंस?"

"म्हटलं, तू रस्त्यात थांबशील, वेळ जाईल..." मिस्त्रींनी मान हलवली. "नाही. तेही खोटं. आईचा आवाज आला ना मागून? थोरल्याला विचार, त्याला माहीत असेल. सांगितलं असतं तर तिला कळलं असतं, की थोरल्यानं काम अर्धवट सोडलं. तेवढं तिला कळू नये, म्हटलं."

मिस्त्रीणबाईंनी शेगडी बंद केली.

धाकट्याने बोट भाजत असतानाही पातेल्यातून तो जुना थर्मोस्टॅट दोऱ्याने वर काढला. चिठ्ठी सोडली नाही. ओला तसाच शर्टाच्या खिशात टाकला. खिसा ओला झाला. तो ओरडला असता, हात उगारला असता, तर मिस्त्रींना बरं वाटलं असतं. तो गाडीपाशी गेला. मिस्त्रीणबाई मागे गेल्या, मिस्त्री त्यांच्या मागे.

"गाडी विकणार?" मिस्त्रीणबाईंनी विचारलं, काहीतरी विचारायचं म्हणून.

"ठाऊक नाही." तो आत बसला, दार ओढून घेतलं, मग काच निम्मी खाली केली. "वहिनी, आज घरी गेलो की ती दुलई उचलतो. बाळाला होईल."

"उचला," त्या म्हणाल्या.

"आणि दादाला सांगा," तो म्हणाला. मिस्त्री हाताच्या अंतरावर उभे होते. "दादाला सांगा, इतक्यात येऊ नको म्हणावं वर. मी कळवीन."

"सांगते."

काच वर गेली. त्याने इंजिन सुरू केलं आणि हीटर पूर्ण उजवीकडे फिरवला, बाहेरून दिसलं. त्या जाळणाऱ्या दुपारी चारही काचा लावून, घामाने निथळत, तो हळूहळू वळणापर्यंत गेला आणि दिसेनासा झाला. मिस्त्री बराच वेळ रस्त्याकडे बघत उभे होते. कान मात्र इंजिनाच्या आवाजाकडे असावा, सवयीने.

"बरं चाललंय," ते म्हणाले. मग, "चहा टाक जरा."

मिस्त्रीणबाई आत आल्या. ओट्यावर दोन्ही पातेली होती. त्यांनी एक घेतलं, पाणी ओतलं, साखर, पत्ती, दूध. दोन कप भरून उंबऱ्यावर आणले. दोघं शेजारी शेजारी बसले. पहिल्याच घोटाला इंजिनाच्या तेलाचा वास आला. मिस्त्रींनी बायकोकडे पाहिलं, तिने त्यांच्याकडे.

किल्ली फिरवा म्हणायला कुणी नव्हतं. दोघांनी तो चहा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.